वराहपालनातील जिवाणुजन्य रोग : प्रसार, कारणे आणि प्रतिबंध

अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांना थोड्या भांडवलात उत्पन्न मिळवून देणाऱ्या जोडधंद्यांमध्ये वराहपालनाला महत्त्वाचे स्थान आहे. वराहाच्या मादीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. त्यामुळे वर्षातून दोन वेते मिळू शकतात आणि सुधारित जातीची मादी एका वेतात साधारणपणे आठ ते दहा पिल्ले देते. इतर कोणत्याही मोठ्या पशूपासून इतक्या जलद गतीने मांसोत्पादन होत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख ६० हजार वराह होते. त्यांपैकी सुमारे १९ लाख विदेशी व संकरित आणि उर्वरित देशी होते. २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही संख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली होती. ही घट भरून निघावी आणि ग्रामीण भागात उद्योजक निर्माण व्हावेत, या हेतूने केंद्र शासनाने २०२१ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची फेररचना करून वराहप्रजनन प्रकल्पांसाठी ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद केली.

अनुदानातून गोठा उभा राहतो आणि जातिवंत जनावरेही येतात. परंतु या व्यवसायातील नफा अखेर जन्मलेल्या पिल्लांपैकी किती जगली आणि किती लवकर वाढली, यावरच ठरतो. दहा पिल्लांच्या वेतातील चार पिल्ले पहिल्या पंधरवड्यातच हगवणीने दगावली, तर मादीवर झालेला सहा महिन्यांचा खर्च निघत नाही. ज्या कुटुंबाकडे दोन-तीनच माद्या आहेत, त्याचे वर्षाचे अर्थकारण अशा एका साथीने कोलमडते. म्हणूनच वराहांमध्ये जिवाणुजन्य रोग किती प्रमाणात आढळतात, ते का बळावतात आणि त्यांना आवर कसा घालता येतो, याची माहिती पशुपालकांबरोबरच त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांनाही असणे अगत्याचे आहे.

संसर्ग आणि रोग यांतील भेद

वराहांमधील जिवाणूंचे प्रमाण समजून घेताना एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. शरीरात रोगजंतू असणे म्हणजे संसर्ग आणि त्या जंतूंमुळे शरीराच्या कार्यात बिघाड होणे म्हणजे रोग. वराहांच्या बाबतीत या दोन अवस्थांमध्ये फार मोठे अंतर असते. स्ट्रेप्टोकॉकस सुईस हा जिवाणू जगभरातील जवळजवळ सर्वच कळपांत आढळतो. तो प्राण्याच्या घशातील टॉन्सिलमध्ये आणि नाकात वस्ती करून राहतो आणि बहुसंख्य जनावरांना त्यापासून काहीही त्रास होत नाही. वराहांतील इरिसिपेलस या रोगाचा जिवाणूही निरोगी दिसणाऱ्या ३० ते ५० टक्के वराहांच्या टॉन्सिलमध्ये असू शकतो, असे पशुवैद्यकशास्त्राचे ग्रंथ सांगतात.

आतड्यातील साल्मोनेला जिवाणूची स्थितीही अशीच आहे. युरोपीय संघातील देशांत २००६-०७ मध्ये कत्तलखान्यात आलेल्या वराहांच्या आतड्यालगतच्या लसिका ग्रंथी तपासण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे १० टक्के वराहांमध्ये साल्मोनेला आढळला. २००८ मध्ये त्याच देशांतील प्रजनन केंद्रांची पाहणी झाली, तेव्हा जातिवंत पैदास करणाऱ्या सुमारे २९ टक्के केंद्रांत आणि पिल्ले पुरवणाऱ्या सुमारे ३३ टक्के केंद्रांत हा जिवाणू सापडला. या केंद्रांतील बहुतेक जनावरे बाह्यतः निरोगीच होती. ही आकडेवारी उत्तम गोठे, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि नियमित पशुवैद्यकीय सेवा उपलब्ध असलेल्या देशांतील आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. जनावर तुकतुकीत दिसते म्हणून त्याच्या अंगी जंतू नाहीत असे मानता येत नाही. आणि जंतू बहुतेक गोठ्यांत आधीच उपस्थित असल्यामुळे, ते कोणत्या परिस्थितीत रोगाचे रूप घेतात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दाटीवाटी, ओल, थंडी, कोंदट हवा, अपुरे दूध, लांबचा प्रवास, खाद्यातील अचानक बदल आणि अनोळखी जनावरांची सरमिसळ ही ती परिस्थिती होय. यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट पशुपालकाच्या हातातील आहे.

पिल्लांची हगवण

वराहपालनात सर्वाधिक हानी करणारा विकार म्हणजे पिल्लांची हगवण. तिची कारणे अनेक असली, तरी ई. कोलाय हा जिवाणू त्यांत प्रमुख आहे. त्याचे काही प्रकार लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून विष निर्माण करतात. त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात झिरपतात आणि एक-दोन दिवसांच्या पिल्लाचा काही तासांतच शरीर शुष्क होऊन मृत्यू ओढवतो.

हा रोग दोन वेळी बळावतो. पहिली वेळ जन्मानंतरच्या काही दिवसांची. वराहाच्या मादीच्या गर्भाशयातून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे संरक्षण जवळजवळ नसते. ते मिळते केवळ मातेच्या चिकातून, आणि ही द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या चोवीस तासांनंतर संपुष्टात येते. चीक म्हणजे पिल्लाची पहिली लसच म्हणावी लागेल. जे पिल्लू अशक्त असल्यामुळे आचळापर्यंत पोहोचत नाही किंवा थंडीने गारठून कोपऱ्यात पडून राहते, तेच प्रथम हगवणीला बळी पडते. नवजात पिल्लाला सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमानाची ऊब लागते. मादीला मात्र इतकी उष्णता सोसत नाही. म्हणून पिल्लांसाठी गोठ्यातच वेगळा उबदार कोपरा करावा लागतो.

दुसरी वेळ दूध तोडण्याची. मातेकडून मिळालेले संरक्षण या सुमारास ओसरलेले असते आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती पुरती तयार झालेली नसते. त्याच वेळी दूध बंद होते, नवे खाद्य सुरू होते आणि निरनिराळ्या मादींची पिल्ले एकत्र केली जातात. अशा वेळी ई. कोलायच्या काही प्रकारांमुळे पापण्या सुजणे, तोल जाणे आणि अचानक मृत्यू येणे अशीही लक्षणे दिसतात. वेतातील सर्वांत धष्टपुष्ट पिल्लेच बहुधा या प्रकाराला बळी पडतात. त्यामुळे पशुपालकाला विषबाधेचा किंवा कोणी काही घातल्याचा संशय येतो.

श्वसनाचे विकार

वाढत्या वयाच्या वराहांमध्ये कोरडा, रेंगाळणारा खोकला हे सार्वत्रिक दृश्य आहे. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए हा सूक्ष्म जिवाणू त्याचे मुख्य कारण असून, जगातील बहुतेक सर्व वराहपालक देशांत तो आढळतो. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांसारखे तंतू धूळ व जंतू बाहेर लोटीत असतात. हा जिवाणू त्या तंतूंनाच निकामी करतो. मग पाश्चरेलासारखे इतर जिवाणू फुप्फुसात शिरतात आणि साधा खोकला न्यूमोनियात रूपांतरित होतो. मूत्र साचल्याने निर्माण होणारा अमोनिया वायूही या तंतूंना इजा करतो. म्हणून नाकाला झोंबणारी हवा असलेल्या गोठ्यात हा विकार हटत नाही.

या रोगाने जनावरे फारशी मरत नाहीत, पण त्यांची वाढ खुंटते. तेच वजन गाठण्यास अधिक दिवस व अधिक खाद्य लागते आणि तोटा नकळत होत राहतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिनचा परिणाम नेमका पेशीभित्तिकेवरच होत असल्यामुळे या रोगावर त्या औषधाचा काहीही उपयोग होत नाही. निदान न करता दिलेले औषध कसे वाया जाते, याचे हे बोलके उदाहरण होय. स्वित्झर्लंडने १९९६ ते २००४ या काळात टप्प्याटप्प्याने संपूर्ण देशात मोहीम राबवून हा रोग जवळजवळ हद्दपार केला. तेव्हा तो अटळ आहे असे समजण्याचे कारण नाही.

इरिसिपेलस आणि इतर रोग

इरिसिपेलस या रोगात तीव्र ताप येतो, सांधे दुखतात आणि कातडीवर चौकोनी, शंकरपाळ्यासारखे तांबडे उंचवटे उठतात. लुई पाश्चर आणि त्यांचे सहकारी लुई थुइलिए यांनी फ्रान्समध्ये १८८३ मध्ये या रोगावर लस तयार केली. प्राण्यांसाठी तयार झालेल्या अगदी आरंभीच्या लसींमध्ये तिची गणना होते. हा रोग पेनिसिलिनला चांगली दाद देतो.

साल्मोनेला या नावाचा उगमही वराहांच्याच रोगात आहे. अमेरिकेत १८८५ च्या सुमारास डॅनिएल साल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी ज्वराच्या साथीत मेलेल्या वराहांपासून एक जिवाणू वेगळा केला आणि तोच साथीचे कारण असल्याचे मानले. ती साथ मूलतः विषाणूची होती, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. जिवाणूने मूळ रोगाच्या आडून शिरकाव केला होता. आजही विषाणुजन्य ज्वराने खचलेल्या कळपात जिवाणूंचा हल्ला होतोच. त्यामुळे वराहांना विषाणुजन्य ज्वराची, म्हणजे क्लासिकल स्वाइन फीव्हरची, लस टोचणे हा जिवाणुजन्य रोगांना रोखण्याचाही एक उपाय ठरतो.

ब्रुसेला सुईसमुळे होणारा सांसर्गिक गर्भपात बाधित नराद्वारे कळपात पसरतो. गावात एकच नर सर्व माद्यांसाठी फिरवला जात असेल, तर हा धोका मोठा असतो. खच्चीकरणाच्या अस्वच्छ जखमेतून पिल्लांना धनुर्वात होतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये माद्या गाभडतात आणि जनावरांच्या मूत्रावाटे जंतू पाण्यात मिसळतात. मुंबई व कोकणातील नागरिकांना हा रोग पावसाळ्यातील ज्वर म्हणून परिचित आहे. त्याच्या प्रसारात उंदीर अग्रभागी असले, तरी वराह व गुरेही त्याची वाहक असतात.

माणसाला असलेला धोका

२००५ च्या उन्हाळ्यात चीनच्या सिचुआन प्रांतात स्ट्रेप्टोकॉकस सुईसची साथ उद्भवली. एकूण २१५ व्यक्तींना बाधा झाली आणि त्यांपैकी ३८ दगावल्या. बाधितांमध्ये प्रामुख्याने घरच्या घरी आजारी किंवा मेलेले वराह कापणारे शेतकरी होते. जंतूंनी त्यांच्या हातावरील जखमांतून शरीरात प्रवेश केला होता. या जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि वाचलेल्या अनेक रुग्णांना कायमचे बहिरेपण येते. निरोगी वराहाच्या घशात निमूटपणे राहणारा जिवाणू आजारी जनावराच्या रक्तातून माणसाचा प्राण घेऊ शकतो, हा या घटनेचा बोध आहे. मरतुकडे जनावर वाया जाऊ नये म्हणून कापण्याची प्रथा जेथे असेल, तेथे ती कटाक्षाने बंद होणे आवश्यक आहे. निरोगी जनावर हाताळतानाही हातावर जखम असल्यास ती झाकावी आणि मांस पूर्णपणे शिजवूनच खावे.

प्रतिजैविकांचा मर्यादित उपयोग

जंतू सर्वत्र आहेत, तर सर्व जनावरांना रोजच्या खाद्यातून थोडेथोडे प्रतिजैविक औषध द्यावे, असा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत रूढ झाला. त्याने वाढही जलद होते असे दिसून आले होते. परंतु अल्प मात्रेत सतत दिलेल्या औषधाने दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू शिल्लक राहून वाढतात. पुढे हेच जंतू किंवा त्यांचे प्रतिकारक गुणधर्म माणसांपर्यंत पोहोचतात. नेदरलँड्समध्ये २००५-०६ मध्ये कत्तलखान्यांतील ५४० वराहांची तपासणी झाली, तेव्हा ३९ टक्के वराहांच्या नाकात मेथिसिलिन या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू आढळला. चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोलिस्टिन या औषधाला निष्प्रभ करणारे जनुक तपासलेल्या ८०४ वराहांपैकी १६६ वराहांच्या ई. कोलायमध्ये सापडले. रुग्णालयातील रुग्णांमध्येही ते, अल्प प्रमाणात का होईना, मिळाले. इतर औषधे हरल्यावर अत्यवस्थ रुग्णाला वाचवण्यासाठी डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात, ते हे औषध आहे. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

औषधाविना व्यवसाय चालेल काय, या शंकेचे उत्तर डेन्मार्कच्या अनुभवात मिळते. वराहमांसाची निर्यात हा त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा एक आधार आहे. तेथे १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिन आणि १९९८ मध्ये व्हर्जिनियामायसिन या वाढवर्धक औषधांवर बंदी आली आणि १९९९ अखेर वराहांच्या खाद्यातील सर्व वाढवर्धक प्रतिजैविके थांबली. पशुवैद्याला औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावरही १९९५ मध्येच मर्यादा घालण्यात आली. आरंभी दूध तोडलेल्या पिल्लांमध्ये हगवण वाढली आणि उपचारासाठी लागणाऱ्या औषधांचे प्रमाणही काही काळ चढले. मात्र खाद्य, स्वच्छता आणि दूध तोडण्याच्या पद्धती सुधारत गेल्या. १९९२ ते २००८ या काळात डेन्मार्कमधील वराहांचे उत्पादन सुमारे ४७ टक्क्यांनी वाढले आणि प्रति किलो मांसामागे लागणारी प्रतिजैविके निम्म्याहून अधिक घटली. युरोपीय संघाने २००६ पासून सर्व सदस्य देशांत अशा वाढवर्धकांवर बंदी घातली.

आजारी जनावरावर उपचार करूच नयेत, असा याचा अर्थ नाही. पशुवैद्याने निदान करून ठरवलेले औषध, ठरवलेल्या मात्रेत आणि ठरवलेल्या दिवसांपर्यंत देणे हाच योग्य मार्ग होय. औषध दिल्यानंतर मांसासाठी जनावर विकण्यापूर्वी किती दिवस थांबावे, हे वेष्टनावर नमूद असते. विशिष्ट कालावधी निश्चित केलेला नसल्यास मांसाच्या बाबतीत तो किमान २८ दिवसांचा धरावा, असा भारतातील औषधविषयक नियम आहे.

गोठ्यातील प्रतिबंधक उपाय

खर्चाच्या मानाने सर्वाधिक लाभ देणारे उपाय साधेच आहेत.

१. गोठ्याची जमीन पक्की, न घसरणारी व उताराची असावी. मलमूत्र रोज धुऊन नालीवाटे खड्ड्यात जावे. हवा खेळती असावी, पण वाऱ्याचा झोत पिल्लांवर येऊ नये.

२. विण्यापूर्वी मादीला साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून कोरड्या ठेवलेल्या स्वतंत्र कप्प्यात हलवावे. प्रत्येक पिल्लाने पहिल्या काही तासांतच चीक प्यायला आहे, याची खात्री करावी.

३. मादीच्या दुधात लोह अल्प असते. म्हणून पिल्लांना पहिल्या आठवड्यात पशुवैद्याच्या सल्ल्याने लोहाचे इंजेक्शन द्यावे. पंडुरोगाने अशक्त झालेले पिल्लू संसर्गाला लवकर बळी पडते.

४. दूध तोडण्यापूर्वीच पिल्लांना कोरड्या खाद्याची सवय लावावी. दूध, जागा आणि सोबती हे तिन्ही एकाच दिवशी बदलू नयेत.

५. एका वयाची जनावरे एकत्र ठेवावीत. ती विकली गेल्यावर कप्पा पूर्ण रिकामा करून धुवावा, चुना वा जंतुनाशक लावून वाळू द्यावा आणि मगच नवी जनावरे आणावीत.

६. विकत आणलेले जनावर किमान तीन ते चार आठवडे वेगळे ठेवावे. प्रवेशद्वाराशी पाय बुडवण्यासाठी जंतुनाशकाचे कुंड असावे.

७. हॉटेले व खाणावळींतील उष्टे अन्न खाद्य म्हणून द्यावयाचे असल्यास चांगले उकळूनच द्यावे. उंदरांचा बंदोबस्त करावा.

८. उपलब्ध लसी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळापत्रकानुसार टोचून घ्याव्यात. गाभण मादीला ई. कोलायची लस दिली असता तिचे संरक्षण चिकावाटे पिल्लांना मिळते.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे दायित्व

जिवाणू एका गोठ्याची सीमा पाळीत नाहीत. म्हणून प्रतिबंधाचे काही भाग सामुदायिकच असावे लागतात. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये, अनुसूचित रोगाची शंका आल्यास पशुमालकाने ती ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीच्या प्रभारी व्यक्तीला कळवणे आणि बाधित जनावर वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. ही माहिती नजीकच्या पशुवैद्याकडे पोहोचवण्याची व्यवस्था याच अधिनियमात आहे. बाधित जनावराचे शव नदी, तलाव वा कालव्यात टाकण्यास त्याने मनाई केली आहे. मृत जनावरे पुरण्यासाठी पाणवठ्यापासून दूर जागा निश्चित करणे आणि तेथे चुन्याची सोय ठेवणे, हे काम कोणतीही ग्रामपंचायत करू शकेल.

वराहपालक कुटुंबे अनेक गावांत वस्तीच्या कडेला राहतात. गावाच्या सभेत त्यांचे प्रश्न क्वचितच मांडले जातात, आणि पशुवैद्याला बोलावण्यापेक्षा दुकानातून औषधाची पुडी आणणे त्यांना सोपे वाटते. लसीकरणाच्या दिवशी गाई-म्हशींच्या यादीत वराहांचीही नोंद होईल, पशुधन पर्यवेक्षक त्या वस्तीपर्यंत पोहोचेल आणि सांडपाण्याची नाली तिथवर जाईल, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवले पाहिजे. शिक्षकांना आरोग्याच्या पाठांतून हात धुणे, मांस शिजवणे व जखम झाकणे या सवयी मुलांमार्फत घराघरांत नेता येतील.

जिवाणूंचा समूळ नायनाट करणे कोणत्याही देशाला साधलेले नाही. त्यांना रोगाचे रूप घेऊ न देणे मात्र कोरडी जमीन, वेळेवर मिळालेला चीक, स्वच्छ पाणी आणि पशुवैद्याचा सल्ला या साधनांनी साध्य होते. ही साधने गावातील सर्वांत लहान वराहपालकापर्यंत पोहोचली, तर त्याची पिल्ले जगतील आणि माणसांच्या उपयोगी पडणारी औषधेही दीर्घकाळ गुणकारी राहतील.